सासवण्याचे करमरकर शिल्पालय

मांडवा आणि किहीम यांच्यामध्ये, नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेल्या सासवणे या गावी शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आणि शिल्पालय आहे. अलिबागला येणारे बहुतेक लोक समुद्र आणि कुलाबा किल्ला पाहून माघारी फिरतात. त्यांनी निदान अर्धा दिवस इथे द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

करमरकर (१८९१–१९६७) याच गावचे. गणपतीच्या मूर्ती घडवण्याची कला त्यांच्या घरातच होती. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी लहान वयात रंगवलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या पाहण्यात आले, आणि त्यांच्याच मदतीने हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे कलकत्ता झाले, लंडन झाले, १९६२ साली पद्मश्रीही मिळाली. पण हात घडला तो इथल्या मातीत, हे शिल्पालयात पाऊल ठेवताच पटते.

मला सर्वांत अधिक भावली ती बाहेर बसलेली म्हैस. ती सिमेंटची आहे, हे ठाऊक असूनही पहिल्या क्षणी फसगत होतेच. रवंथ करून निवांत झालेल्या जनावराचे सारे वजन जमिनीवर कसे सांडते, पोटाचा घेर एका अंगाला कसा कलतो, मानेखालची कातडी कशी लोंबते, हे ज्याने गोठ्यात तासन् तास पाहिले असेल त्यालाच असे साधू शकते. माझ्यासोबत आलेल्या आत्याबाई, ज्यांचे अर्धे आयुष्य दुभत्या जनावरांत गेले, तिच्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि अखेरीस एवढेच म्हणाल्या, ‘‘व्यायला झालेली दिसते.’’ समीक्षकाकडून मिळालेल्या कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मला हे मोलाचे वाटले.

सिमेंट हे माध्यम करमरकरांनी आपलेसे केले, यामागे व्यवहारही होता: ब्राँझ किंवा संगमरवर यांच्या मानाने ते स्वस्त, आणि कोकणातल्या पावसाला तोंड देणारे. पण त्यांच्या हातात त्याचा रखरखीतपणा उरत नाही. कोळीण पाहताना कासोट्याच्या ओढीतून तिच्या चालीचा ठेका जाणवतो. ‘शंखध्वनी’ या शिल्पाचीही कीर्ती मोठी आहे. आतल्या दालनांतील नामवंतांचे अर्धपुतळे कौशल्यात कुठेही उणे नाहीत. तरीही मागणीवरून केलेल्या त्या कामांपेक्षा स्वतःच्या ओढीने घडवलेली गावची माणसे आणि जनावरे मला सरस वाटतात.

ज्यांनी पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला, १९२८ साली उभारलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पाहिला आहे, त्यांना इथे येऊन आणखी एक गोष्ट उमगेल. त्या भव्य ब्राँझच्या घोड्याच्या ताणलेल्या स्नायूंमागे जी नजर आहे, तीच सासवण्याच्या या म्हशीमागेही आहे. महाराजांच्या घोड्याला जेवढा आदर, तेवढाच वाडीतल्या गुरालाही त्यांनी दिला.

शिल्पे घाईने पाहू नयेत. मुले सोबत असतील, तर त्यांना आधी अंगणात मोकळे सोडावे आणि मगच दालनांत न्यावे. आमच्या लहानग्याने जाताना म्हशीला हात हलवून निरोप दिला.