कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नावशोध सेवा: पणजोबांची तिथी सापडली

आमच्या देव्हाऱ्यात देवीशेजारी एक बिल्ला असतो. ब्राँझचा, बशीएवढा. हात पुढे करून उभी असलेली बाई, पायाशी सिंह, आणि चौकटीत उठावाच्या इंग्रजी अक्षरांत माझ्या पणजोबांचं नाव. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी सरकारने असे बिल्ले पाठवले होते. सिंह दिसला म्हणून पणजीने तो देवीजवळ ठेवला आणि तिथून तो कुणी हलवला नाही. दर दिवाळीला देवांच्या भांड्यांबरोबर तोही चिंचेने घासला जायचा. शंभर वर्षांच्या घासण्याने नावातली मधली अक्षरं पार गुळगुळीत झाली आहेत.

पणजोबा ‘बसऱ्याकडं’ (म्हणजे इराकात) गेले आणि परत आले नाहीत, घरात एवढंच माहीत. तिथी ठाऊक नसल्यामुळे त्यांचं श्राद्ध नेहमी सर्वपित्रीला. माझे वडील, म्हणजे आबा, आता ८२ वर्षांचे. “माझ्या डोळ्यादेखत आज्याची तिथी कळू दे,” असं त्यांनी गेल्या वर्षी म्हटल्यावर मी शोधाला लागले.

पहिली चूक केली ती इथे सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. फोनवरून ‘लष्करी पूर्वज शोधून देतो’ म्हणणाऱ्या एका माणसाला मी साडेतीन हजार रुपये दिले. आठवड्याने एक कागद आला. त्यावर दुसऱ्याच जिल्ह्यातला, दुसऱ्याच पलटणीतला शिपाई. आबांनी तो कागद वाचून गुपचूप घडी घालून ठेवला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

मग भाचीला शेजारी बसवून कमिशनची वेबसाइट उघडली. ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या, ब्रिटिश साम्राज्याच्या सुमारे १७ लाख सैनिकांची नोंद ती सांभाळते. शोध फुकट आहे. सगळं इंग्रजीत आहे, त्यामुळे घरातलं शिकतं पोर जवळ असलेलं बरं.

नुसत्या नावावर अडून बसू नका. भरतीच्या वेळी साहेबाने कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचं आडनावही काही इंग्रजी कागदांत ‘जादव’ असं आहे. पुष्कळ शिपायांचं तर फक्त पहिलंच नाव लिहिलेलं, तेही आडनावाच्या रकान्यात. आम्हाला उपयोगी पडला तो चुलत काकांकडचा चांदीचा मेडल. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. काकांनी तो कधी आडवा धरून पाहिलाच नव्हता. मोबाइलच्या उजेडात तिरपा धरला आणि चार आकडे दिसले. तुमच्या घरात असा मेडल असेल तर आधी त्याची कड बघा.

शोधाच्या पानावर नंबरासाठी आणि पलटणीसाठी वेगळे रकाने आहेत. आम्ही एवढंच भरलं आणि एकच नोंद आली. शिपाई, ११७वी मराठा, मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५. खाली बापाचं नाव, गाव, जिल्हा सातारा. गावाचं नाव इतकं वाकडं लिहिलेलं की भाचीला ओळखू येईना, पण आबांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “हे आपलंच.”

त्या तारखेला बगदादच्या खाली टेसिफॉनची लढाई सुरू झाली. हिंदी फौजेची पूना डिव्हिजन तिथे लढली, त्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. उरलेले मागे हटून कुत या गावी आले आणि पुढे वेढ्यात सापडले.

नोंदीत स्मारक म्हणून बसरा मेमोरियल दिलंय. आता जे सांगायचंय ते मला अजून टोचतं. त्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त जणांची आठवण आहे, पण तिथे नावं कोरली ती ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. आमच्या चावडीच्या भिंतीवरही संगमरवरी पाटी आहे, गावातून किती गेले आणि किती मेले, दोन आकडे, नाव एकही नाही. लहानपणी त्या पाटीखाली आम्ही गोट्या खेळायचो. २०२१ साली कमिशनच्याच समितीने हा भेदभाव मान्य केला. किमान १ लाख १६ हजार जणांची, बहुतेक पूर्व आफ्रिकेतल्या आणि इजिप्तमधल्या माणसांची, नावाने आठवण ठेवलीच गेली नाही असं अहवालात लिहिलं, आणि कमिशनने माफी मागितली. दगडावर नाही, पण या नोंदीत तरी आमच्या माणसाला नाव आहे. मला म्हणूनच या सेवेचं मोल वाटतं.

वेबसाइटवरून स्मरणपत्र छापून घेता येतं. आम्ही जाड कागदावर काढलं.

शोध जमतोय का हे बघायला आधी यशवंत घाडगे यांचं नाव टाकून पाहा. माणगाव तालुक्यातले, नाईक हुद्द्याचे हे सैनिक १० जुलै १९४४ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. वय २२. माझी भाची २२चीच आहे, ती ते पान बंदच करेना.

गुरुजींनी जुन्या पंचांगावरून तिथी काढून दिली, त्रिपुरी पौर्णिमेला अगदी लागून. पितृपक्षात पहिल्यांदाच सर्वपित्रीची वाट न बघता त्यांच्या तिथीला पान वाढलं. आबांनी संकल्पात आजोबांचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट.

दिवाळीला मी नेहमीप्रमाणे देवांची भांडी घासायला काढली, तर आबांनी बिल्ला माझ्या हातातून काढून घेतला. “आता ह्याला चिंच लावायची नाही,” म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने पुसून परत देवीशेजारी ठेवला.