साडेतीनशे रुपयांत पिकअप धुतली, आणि तेल गटारीत गेलं नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या या वॉशिंग सेंटरला पाचपैकी चार स्टार. एक कापला तो रविवारच्या रांगेपायी.

माझी पिकअप मासळीची. रत्नागिरीत मिरकरवाड्यावरनं माल उचलायचा, आंबा घाट चढून पहाटे कोल्हापुरात टाकायचा. हौद्यात बर्फाचं पाणी, खवले, रक्त. खाली चासीला ग्रीस आणि लाल माती. असली गाडी कुणी हसत धुवायला घेत नाही. आधी जिथं जायचो तिथं दोनशेत काम व्हायचं, पण सगळं पाणी रस्त्याकडेच्या गटारीत. इथं साडेतीनशे पडतात. तरी मी इथंच येतो.

धुवायच्या जागेवर पत्रा टाकलाय आणि भोवती चार बोटं उंच उंबरा. बाहेरचा पाऊस आत येत नाही, आतलं पाणी रस्त्यावर जात नाही. पाणी मधल्या जाळीतनं जमिनीखालच्या तीन कप्प्यांच्या टाकीत उतरतं. पहिल्यात माती-वाळू तळाला बसते. दुसऱ्यात तेल वर तरंगतं. तिथल्या पाइपाचं तोंड खाली वळवलंय, त्यामुळं तळाकडचंच पाणी पुढं सरकतं आणि तेल मागं अडतं. तिसऱ्यातनं ड्रेनेजच्या लाइनला. परवा गेलो तर पोरगं दुसऱ्या कप्प्यावर वाकून डब्यानं काळंकुट्ट तेल काढत होतं. "काका, जरा थांबा, साय काढायलोय." ते तेल बॅरलात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला देतात.

शाम्पूचा हातही आखडता. आधी प्रेशरचं नुसतं पाणी, मग बेतानं फेस. मालक म्हणाले, साबण जास्त झाला की तेल फुटून पाण्यात मिसळतं, मग ते टाकीत वर येतच नाही. हौद्यातले खवले पाणी मारायच्या आधी कोरडेच झाडून बादलीत घेतात. हे मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही.

पुष्कळांना गटार आणि ड्रेनेज एकच वाटतं. ड्रेनेजचं पाणी प्रक्रिया केंद्राकडं न्यायची सोय तरी असते. पावसाची गटार सरळ ओढ्या-नाल्याला मिळते. वळवाच्या पहिल्या सरीला उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल, ब्रेकची पूड, टायरची झीज एका दमात वाहून जाते. जयंती नाला फुगला की ते पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र घाटाखाली हाकेवर, पण आपली घाण जाते पार पूर्वेला! घाटमाथ्यापलीकडं मात्र उलटं. साखरप्याकडचं पाणी काजळी नदीतनं भाट्याच्या खाडीत उतरतं. खाडीत पिल्लं वाढतात तेव्हा कुठं पुढं आमच्या जाळ्यात मासळी येते. त्यामुळं घाटात गाडी उभी करून ऑइल बदलणारे दिसले की माझं डोकं फिरतं.

टाकीनं सगळंच सुटतं असंही नाही. विरघळलेला साबण तिच्यात अडत नाही, आणि रस्त्यावर झिजलेला टायर तर तिच्यापर्यंत येतच नाही. अमेरिकेत सिएटलच्या बाजूला पाऊस पडला की ओढ्यांत चढून आलेले कोहो सामन जातीचे मासे पटापट मरायचे. बरीच वर्षं कारण सापडेना. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी शोधलं: टायर तडकू नये म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात, हवेतल्या ओझोनशी गाठ पडून त्याचं विष होतं, आणि ते पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. त्यावर कुठलं वॉशिंग सेंटर काय करणार?

बाकी कामाचं सांगायचं तर चासी झकास निघते, मडगार्डच्या आतली मातीही हात घालून काढतात. काचा मात्र ओल्याच सोडतात. हौद्याला थोडा वास राहतो, पण मासळीच्या गाडीला तेवढा चालायचाच. फोन पे चालतं. रविवारी जाऊ नका, आठवड्यात दुपारी जा, गाडी लगेच आत घेतात. एवढा मोठा पत्रा आहे तर त्यावरचं पावसाचं पाणी साठवून गाड्या धुवा, बोअरवरचा ताण कमी होईल, असं मालकांना सुचवलंय. "टाकीचा खर्च कोण देणार, तुम्ही?" म्हणाले, पण पन्हळीचं माप मात्र पोराला घ्यायला लावलं.