पुण्याच्या तपकीर गल्लीतलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान: जुना स्पेक्ट्रम इथेच न्या

बाबांनी घेतलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक आमच्याकडे अजून आहे. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या परवान्यावर डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये भारतात आणला होता, तोच. चालू केला की टीव्हीवर नुसत्या उभ्या पट्ट्या, अक्षर एक नाही. आधी ज्या दुकानात दाखवला त्यांनी पेटी न उघडताच ‘बोर्ड गेलाय, शोकेसमध्ये ठेवा’ म्हणून परत दिला.

इथल्या दादांनी आधी पट्ट्या नीट बघितल्या. म्हणाले, “ताई, चित्र येतंय म्हणजे टीव्ही आणि केबल ठीक आहे. गडबड मेमरीत किंवा तिच्या सप्लायमध्ये आहे.” स्पेक्ट्रममध्ये पडद्याचे ६,९१२ बाइट खालच्या १६ केबी मेमरीतच असतात, त्यामुळे तिथे बिघाड झाला की थेट पडद्यावर दिसतो. ही मेमरी म्हणजे ४११६ क्रमांकाच्या आठ चिप, आणि प्रत्येकीला तीन वेगळे व्होल्टेज लागतात. दादांनी मीटर लावला. पिन ९ वर ५ व्होल्ट बरोबर. पिन ८ वर १२ हवे, ते कमी. पिन १ वर उणे ५ हवे, तिथे शून्य. त्यांनी तिथल्या तिथे स्विच बंद केला. उणे ५ नसताना मशीन चालू ठेवलं तर चांगल्या चिपही जातात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मला हे दुकान आवडलं ते यासाठी. चिप बदलत बसण्याआधी त्या का गेल्या हे ते शोधतात.

मूळ दोष हे व्होल्टेज तयार करणाऱ्या भागातल्या टीआर४ या ट्रान्झिस्टरचा निघाला. तो आणि शेजारचा टीआर५ दोन्ही बदलले, कॉइल तपासली, तिन्ही व्होल्टेज जागेवर आल्यावरच मेमरीला हात लावला. एक चिप गेली होती. नवीन चिप थेट न डकवता सॉकेट लावून बसवली, म्हणजे पुढच्या वेळी जुन्या बोर्डाचे ट्रॅक तापवायला नकोत. सोल्डरिंग इतकं स्वच्छ की कंपनीचं कुठलं आणि दादांचं कुठलं ते मला ओळखता आलं नाही.

मला विचारून त्यांनी मॉड्युलेटरऐवजी (चित्र अँटेनाच्या वाटेने टीव्हीला देणारा भाग) थेट टीव्हीच्या व्हिडिओ सॉकेटला जोडायचं एव्ही आउटपुटही काढून दिलं. मूळ भाग काढून टाकलेला नाही, हवं तेव्हा पूर्ववत होतं. आता चॅनेल ३६ शोधत बसायला लागत नाही, मुंग्याही नाहीत. काळ्या पडद्यावर क्षणभर बारीक लाल रेघा येतात (ती मेमरीची तपासणी, घाबरू नका), मग पांढरा पडदा आणि खाली सिंक्लेअरची ओळ. निळ्यावर लाल अक्षरं अजून थोडी फिसकटतात, पण कंपोझिटमध्ये (सगळे रंग एकाच तारेतून जातात) तेवढं चालायचंच.

एकूण १,४०० रुपये झाले, बदललेले भाग पुडीत घालून परत मिळाले. आठवडाभर लागतो, घाई असेल तर जाऊ नका. दुकान अरुंद आहे, गाडी लांब लावावी लागते. आणि स्वतःचा अडॅप्टर न चुकता न्या: स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात पण मधली पिन ऋण असते, बाजारातले बरेचसे अडॅप्टर नेमके उलटे असतात.