ठासणीच्या रायफलीचा नेम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात मी पेनसिल्व्हेनियात ठासणीची रायफल घेतली, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची. ती पॉइंट फिफ्टी कॅलिबरची (नळीचा व्यास अर्धा इंच) असून २०९ प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीवर चालते. ऑक्टोबरात ठासणीच्या बंदुकांसाठी आठवडाभर वेगळा हंगाम असतो, त्यात पांढऱ्या शेपटीच्या, शिंगे नसलेल्या हरणांची शिकार करता येते. त्यासाठीच ही खरेदी होती. आतापर्यंत दीडशेच्या आसपास बार काढून झाले आहेत.

सुरुवात निराशाजनक होती. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवूनही शंभर यार्डांवर पाच गोळ्या सहा इंचांत पसरत होत्या. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांच्या ताटलीएवढी असते, त्यामुळे कागदावर हा पसारा चालण्याजोगा वाटतो. पण थंडीने आखडलेली बोटे आणि झाडाच्या बुंध्याला टेकवून धरलेली नळी यांची चूक त्यात मिळवली, की जखमी जनावर झुडपांत निघून जाण्याचा धोका उरतोच, आणि ठासणीत दुसरा बार लगेच भरता येत नाही. खात्री होईपर्यंत जंगलात जायचे नाही, असे मी ठरवले.

दुर्बिणीच्या पट्टीचा एक स्क्रू सैल निघाला. तो आवळल्यावर थोडा फरक पडला. मग दारूच्या तयार गोळ्या सोडून सुटी दारू मापाने भरू लागलो. मॅन्युअलमधल्या कमाल मापाच्या आत राहून ७० ग्रेनपासून (ग्रेन हे दारू मोजण्याचे एकक) पाच-पाच ग्रेन वाढवत गेलो, तेव्हा माझ्या नळीला ८० ग्रेनचे माप सर्वांत मानवले. त्यापुढे धक्का वाढला आणि पसाराही. (दारू नेहमी वेगळ्या मापात काढूनच नळीत ओतावी, डब्यातून थेट कधीही नाही, आणि धूरविरहित दारू या बंदुकीत चुकूनही घालू नये.)

खरा दोष मात्र काजळीत होता. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात मागे राहतो, आणि तिच्या जागी वापरल्या जाणाऱ्या आधुनिक दारूंपैकी बहुतेकांची गतही फारशी वेगळी नाही. दारू बसते त्याच्या जरा पुढे नळीत या राखेचे कडे तयार होते. गोळी नळीत ठासायच्या गजावर मी पूर्ण भरलेल्या बाराची खूण कोरली होती. तिसऱ्या बाराला गज खरखरत उतरे आणि खूण नळीच्या तोंडापासून दोन बोटे वरच थांबे. म्हणजे प्रत्येक गोळी दारूवर निराळ्या दाबाने बसत होती, आणि गोळी दारूला न टेकता वर राहणे तर धोक्याचेच. तेव्हापासून प्रत्येक बारानंतर एक दमट चिंधी आणि एक कोरडी चिंधी फिरवतो. दमट म्हणजे दमटच: जुलैत चिंधी ओली राहिल्याने चिखल बुडाशी ढकलला गेला, प्रायमर फुटला आणि बार झालाच नाही. नळी लक्ष्याच्या दिशेला धरून पूर्ण मिनिटभर थांबलो, मगच रायफल खाली घेतली.

सिंधुदुर्गात माझ्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. गज उसळला की बार बसला, असे ते म्हणत. माझ्या मऊ टोकाच्या गोळीला ते ठोकणे सोसत नाही, म्हणून मी गजावर दर वेळी सारखाच भार देतो; पण प्रत्येक बार सारखा बसला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे येथेही तंतोतंत लागू पडले. पसारा सव्वादोन इंचांवर आला.

गोळीभोवतीच्या प्लास्टिकच्या टोप्या, म्हणजे सॅबो, झाडल्यानंतर पुढे पडलेल्या असतात. त्या वेचून पाहाव्यात. माझ्या टोप्यांच्या चारपैकी एक-दोन पाकळ्या बुडापासून फाटलेल्या असत. दुसऱ्या प्रकारच्या टोप्या घेतल्या, दोन बारांमध्ये नळी गार होऊ दिली, आणि पाकळ्या एकसारख्या उमलू लागल्या.

शिकारीत मोजला जातो तो गार नळीचा पहिलाच बार, आणि तेलाचा अंश राहिलेल्या नळीतून माझा तोच बार तीन इंच वर जात असे. आता तेल अल्कोहोलने पुसून, दारू न भरता दोन प्रायमर उडवून नळी कोरडी करतो. सात शनिवार एकाच कागदावर रोज एकच बार काढला. सातही छिद्रे तीन इंचांत मावली. तो कागद पाहून मी हंगामात उतरलो. साठ यार्डांवर मादी आडवी उभी राहिली. धूर विरला तेव्हा ती दिसेना, पण चाळीस पावलांवर पडलेली सापडली.

तक्रारी दोन. चाप जड आहे. आणि त्याच संध्याकाळी पाऊण तास सफाई अटळ आहे. जूनमध्ये एकदा रात्रभर टाळाटाळ केली, तर सकाळी चिंधी तांबूस निघाली. नाताळनंतरच्या हंगामात मात्र येथे फक्त चकमकीच्या बंदुकीला परवानगी असल्यामुळे, तेव्हा ही रायफल कपाटातच राहते.