ऑपरेटरचे सेकंद कुठून कापायचे?

बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत बुद्धिबळ म्हणजे पट, मोहरे आणि शेजारी घड्याळ. म्हणून इंजिनांच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामांच्या, लढतीही आम्ही तशाच खेळवतो. लॅपटॉप बाजूला, चाल हाताने पटावर, आणि पंच मानणार ते पटाशेजारचंच घड्याळ. पहिल्यांदा ऑपरेटर म्हणून, म्हणजे इंजिनाच्या चाली पटावर करायला, बसणारा प्रत्येकजण विचारतो, लॅपटॉपवर वेळ किती लावू?

आधी गळती कुठे होते ते बघा. स्क्रीनवरची चाल पटावर करून घड्याळ दाबायला मला तीन सेकंद लागतात, समोरच्याची चाल लॅपटॉपवर घालायला आणखी तीन. या सहा सेकंदांत खरं घड्याळ आपल्या बाजूचं चालू असतं, स्क्रीनवरचं मात्र समोरच्याच्या बाजूचं. 60 चालींत 6 मिनिटं गेली. 25 मिनिटांच्या डावात हा जवळजवळ चौथा हिस्सा. यूसीआय या, इंजिनाशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीत इंजिनाला प्रत्येक चालीआधी उरलेला वेळ मिलिसेकंदांत कळवला जातो आणि ते त्यावरच विसंबतं. साताऱ्यात एक प्यादं जास्त असलेल्या हत्तींच्या अंत्यडावात माझा फ्लॅग पडला, म्हणजे खऱ्या घड्याळावरचा वेळ संपला, तेव्हा स्क्रीनवर अजून पाच मिनिटं शिल्लक दिसत होती. तो डाव आजही सलतो.

सोपा मार्ग म्हणजे सुरुवातीलाच कमी वेळ लावणं. 25 ऐवजी 19 मिनिटं लावली की 60 चालींची सोय झाली. पण डाव 100 चालींवर गेला तर 10 मिनिटं लागतात, आणि 35 चालींत संपला तर इंजिनाला उगाच उपाशी ठेवल्यासारखं होतं. डाव किती लांबेल हे आधी कोण सांगणार?

इन्क्रिमेंट, म्हणजे प्रत्येक चालीमागे घड्याळात वाढून मिळणारा वेळ, 10 सेकंद असेल तर मी दुसरं काहीही सुचवणार नाही: मूळ वेळ पुरा लावा आणि इन्क्रिमेंट 4 लावा. खरं घड्याळ 10 देतं, सहा तुमचे हात खातात, चार इंजिनाला मिळतात. डाव 40 चालींचा असो की 140, दोन्ही घड्याळं बरोबर चालतात. इन्क्रिमेंट 5 असेल तर शून्य लावा आणि राहिलेला एकेक सेकंद मूळ वेळेतून काढा. दोन मिनिटं कमी केली तर 120 चाली निघतात.

बरेच जण स्टॉकफिश या इंजिनातल्या ‘मूव्ह ओव्हरहेड’कडे, म्हणजे चालीमागे वाया जाणारा वेळ धरण्याच्या सेटिंगकडे, वळतात. मूळचा आकडा 10 मिलिसेकंद, जास्तीत जास्त 5000. वाटतं, पाच सेकंद भरले की झालं. पण हा आकडा फक्त पुढच्या चालींसाठी वेळ राखून ठेवतो. आधी निसटलेले सेकंद स्क्रीनवरच्या घड्याळात उतरतच नाहीत, म्हणून फरक वाढतच राहतो. त्यात स्टॉकफिश साधारण पुढच्या 50 चालींचा हिशेब धरतं. इन्क्रिमेंट नसताना प्रत्येकी पाच सेकंद म्हणजे चार मिनिटांहून जास्त बाजूला पडतात, आणि वेळ त्याच्या खाली आला की इंजिन जवळजवळ विचार न करताच चाली फेकतं. केबलने जोडलेल्या किंवा सर्व्हरवरच्या लढतीत हा पर्याय उत्तम आहे. हाताने खेळताना नाही.

चालीमागे ठरावीक सेकंद लावणं तर नकोच. एकच शक्य चाल असली तरी इंजिन तेवढंच बसून राहतं.

इन्क्रिमेंट अजिबात नसेल तर दर दहा चालींनी स्क्रीनवरची वेळ खऱ्या घड्याळाशी जुळवा, तीही समोरचा विचार करत असताना, म्हणजे आपलं काही जात नाही. पंचांना आधीच विचारून ठेवा, कारण डावाच्या मध्ये ऑपरेटरने लॅपटॉपला हात लावलेला कुणालाच आवडत नाही आणि ते रास्तही आहे. जुळवताना प्रत्यक्षापेक्षा मिनिटभर कमीच लावा.

सहा सेकंद हा माझा आकडा. नवख्याला किल्लेकोटाला किंवा प्यादं वजीर होताना दहाही लागतात. घरी स्टॉपवॉच लावून एक पूर्ण डाव खेळा, आणि तुमचा जो आकडा येईल तोच इन्क्रिमेंटमधून वजा करा.