चवथीच्या रात्री कुठलं भूत: ‘महल’, ‘द हाँटिंग’ की ‘पुराना मंदिर’?

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी सगळे जमतात, आरत्या होतात, नेवऱ्यांचे (करंज्यांचे) डबे फिरतात आणि रात्री कोणीतरी म्हणतंच, “एखादा जुना भुताचा लावा रे!” मग कुठला लावायचा यावर तास जातो. तो वाद यंदा लवकर मिटावा म्हणून हे तीन समोरासमोर ठेवतोय. घाबरवण्याची तऱ्हा तिघांची तीन.

‘महल’ 1949 चा, बॉम्बे टॉकीजचा. कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट, आणि कॅमेरा जोसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचा. ओसाड वाड्यात नवा मालक अशोक कुमार येतो तर भिंतीवर हुबेहूब त्याच्याच चेहऱ्याचं जुनं चित्र! दोनचे ठोके पडतात आणि ‘आयेगा आनेवाला’ सुरू होतं. इथे सगळ्यांना गप्प बसवा. सुरुवातीच्या ओळी ठेक्याशिवाय, रेंगाळत येतात; आवाज आधी लांबून, मग हळूहळू जवळ. ध्वनिमुद्रणात लताबाई माइकपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात त्याच्याकडे चालत आल्या, त्याचा हा परिणाम. रेकॉर्डवर तेव्हा गायिकेचं नाव नव्हतंच, मधुबालाच्या पात्राचं ‘कामिनी’ हे नाव छापलं होतं. आपल्या मंगेशीच्या दीनानाथांची मुलगी या गाण्याने देशभर पोचली, एवढं सांगा. आजी झोपायला जायच्या नाहीत.

पण उत्तरार्ध रटाळ आहे, आणि भुताचा शेवटी खुलासा होतो. (कोणता, ते सांगत नाही.) ही खोड एकट्या ‘महल’ची नाही. ‘बीस साल बाद’ (1962) घ्या, ‘वो कौन थी?’ (1964) घ्या. पांढरी साडी, धुकं, लांबून येणारं गाणं, आणि सरतेशेवटी कुणाचं तरी कारस्थान. गाव राखणाऱ्या अदृश्य राखणदाराला दरवर्षी रोटाचा नैवेद्य देणाऱ्या माणसाला असला खुलासा म्हणजे फसवणूकच वाटते, आणि मी त्याच्याच बाजूचा आहे.

‘द हाँटिंग’ (1963) खुलाशाच्या भानगडीतच पडत नाही. रॉबर्ट वाइजने हा ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या दोनच वर्षं आधी केला, खरं वाटत नाही. पूर्ण कृष्णधवल, आणि भूत एकदाही दिसत नाही. रात्री दोन बायका एका खोलीत; बाहेर भिंतीवर धाड धाड आवाज, तो दारागणिक पुढे सरकत येतो आणि यांच्याच दाराशी थांबतो. पुढे एका प्रसंगात बंद असलेलं जाडजूड लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, ओसरतं, पुन्हा फुगतं. बस्स, इतकंच. तिन्हींत मला सर्वांत जास्त हा आवडतो, तरी चवथीला लावू नका. सगळी भीती आवाजात आहे, आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असताना त्यातलं निम्मं ऐकू येत नाही. शिवाय इंग्रजी. काकी पाचव्या मिनिटाला विचारणार, “काय म्हणाली ती?” पाहुणे गेल्यावर दोघा-तिघांनी, पंखासुद्धा बंद करून बघायचा हा चित्रपट.

मग ‘पुराना मंदिर’ (1984). रामसे बंधूंचा कारखाना: दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं, कॅमेरा गंगूचा, सगळं घरच्या घरी. सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं एकीकडे, धड दुसरीकडे, आणि राजघराण्याला त्याचा शाप. ते मुंडकं धडाला लागणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, तरी आपण वाट बघत बसतो. सामरी झालेल्या अनिरुद्ध अग्रवालचा चेहरा आणि उंची यांना फारशा मेकअपची गरज नव्हती. लाल-निळे दिवे, धूर, करकरणारे दरवाजे, मध्येच जगदीपची ‘शोले’ची नक्कल, जी खुशाल पुढे ढकलावी. ओबडधोबड आहे, पण प्रामाणिक आहे. भूत म्हणजे भूत, त्रिशूळ म्हणजे त्रिशूळ. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकात राक्षस आला की पोरं जशी ओरडतात तशी इथेही ओरडतात. मध्येच वीज गेली तरी बिघडत नाही, परत आल्यावर कुठूनही जोडून घेता येतो.

तेव्हा घर भरलेलं असेल तर ‘पुराना मंदिर’, पण लहान मुलं झोपल्यावरच. रक्त आणि अंगप्रदर्शन दोन्ही आहे. वडीलधारे बसणार असतील तर ‘महल’, आणि तो साडेआठलाच सुरू करा, पावणेतीन तासांचा आहे. मराठीच हवा असा हट्ट निघाला तर ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) आहेच. काशिनाथ घाणेकर, आशा काळे आणि हृदयनाथांच्या चाली. त्यात भीतीपेक्षा गाणीच जास्त लक्षात राहतात, आणि ‘गोमू संगतीनं’ लागलं की सगळं घर गायला लागतं, मग भुताचं नाव कोणी काढत नाही.