ग्लिसरीन की पेट्रोलियम जेली?

थंडी पडताच भाचीने विचारले, "मावशी, उललेल्या त्वचेला यांपैकी काय लावू?" डबीवरील 'नैसर्गिक', 'पोषक' ही विशेषणे सोडून मागची घटकांची यादी वाच, असे मी तिला सांगितले, तीत मुख्य घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात, त्यामुळे दर्शनी बाजूला मिरवलेला घटक कधी कधी अगदी शेवटी सापडतो.

ग्लिसरीन पाणी ओढून धरते. जेली पाणी देत नाही, मात्र त्वचेवर थर धरून आतला ओलावा उडू देत नाही. म्हणूनच कोरड्या हवेत निव्वळ ग्लिसरीन चोळणे मला पटत नाही, कारण बाहेर ओलावा नसला की ते त्वचेच्या आतल्या थरांतूनच पाणी ओढू शकते. ते गुलाबपाण्यात मिसळून, तोंड धुतल्यावर ओलसर त्वचेवरच लावावे.

टिकाऊपणात जेली सरस आहे, कारण तिच्यात पाणीच नसल्याने जंतू वाढत नाहीत; घरी केलेले ग्लिसरीनचे मिश्रण मात्र थोडेच करावे आणि लवकर संपवावे. खर्च दोन्हींचा बेताचाच. जेलीचा चिकटपणा मात्र खरा त्रासदायक असून चादरीवर तिचे डाग पडतात, तेव्हा टाचांना लावल्यावर सुती मोजे घालावेत.

चेहऱ्याला, विशेषतः तेलकट त्वचेला, पातळ केलेले ग्लिसरीन योग्य. फुटलेल्या ओठांना आणि टाचांच्या भेगांना जेली. त्वचा फारच कोरडी असल्यास आधी ग्लिसरीन आणि त्यावर जेलीचा पातळ हात द्यावा.